ओढ्याचा निरोप : दूर पल्ल्याच्या अल्पशक्ती बिनतारी बोर्डाची मांडणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे मावळातील लेण्यांवर लेख मागितला होता. विषय आमच्या आवडीचा आहे आणि त्यावर आजवर आम्ही पुष्कळ लिहिलेही आहे. परंतु या वेळी मंडळाची क्षमा मागून आम्ही वेगळा पाठ सादर करीत आहोत. शाळेतील विज्ञान शिक्षकाचे पद मध्यंतरी काही काळ रिक्त होते आणि विज्ञान मंडळाची किल्ली इतिहासाच्या एम.ए.च्या हाती आली. त्या काळात मुलांबरोबर आम्हीही जे शिकलो, ते माजी विद्यार्थ्यांना व पालकांना सांगावे असे वाटते. ज्यांना यातील तंत्र आमच्याहून अधिक अवगत आहे त्यांनी चुका अवश्य दाखवाव्यात.

प्रयोगाचे मूळ एका चुकीत आहे, आणि ती चूक आमचीच होती. आपल्या भोजनगृहातील दोन मावशी ओढ्यापलीकडच्या वाडीतून येतात. पहाटे पाचला निघतात, साकव ओलांडतात आणि साडेपाचला चूल पेटते. जुलैतील एका पहाटे त्या आल्या नाहीत. रात्रभर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली होती, मोबाइलला रेंज नव्हती. "पावसामुळे घरीच थांबल्या असतील," असे आम्ही म्हणालो आणि मोठ्या मुलांना हाताशी घेऊन पोह्यांची तयारी सुरू केली. जवळजवळ दोन तासांनी एक गुराखी सांगत आला की मावशी दोन प्रवाहांच्या मधल्या उंचवट्यावर करवंदीच्या जाळीला धरून बसल्या आहेत. पहिला प्रवाह त्यांनी ओलांडला होता; दुसऱ्यावरच्या साकवावरून पाणी वाहत होते आणि मागे वळेपर्यंत पहिलाही चढला होता. दोघी सुखरूप परतल्या. पण त्या दोन तासांत आम्ही त्यांना शोधायला कोणालाही पाठवले नव्हते. निरोप आला नाही, याचा अर्थ सर्व ठीक आहे, असा आम्ही धरला होता.

आपल्याच जिल्ह्यात याच गृहीतकाचे भयंकर रूप दिसले आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. गाव गेल्याची बातमी बाहेर कशी कळली, हे अनेकांना आठवत असेल. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, म्हणून जगाला कळले. गावातून निरोप पाठवायला कोणी उरले नव्हते, आणि निरोप न येणे ही स्वतःच एक बातमी आहे असे मानणारी व्यवस्था कोठेही नव्हती. मावळालाही पाण्याचे हे भय परके नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात अचानक पाणी वाढले आणि एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वर डोंगरात किती पाऊस झाला हे खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. पाणी त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हाच त्याला ते समजते.

त्या प्रसंगानंतर नववीतील एका विद्यार्थिनीने वर्गात प्रश्न केला, "सर, ओढाच आपल्याला सांगू शकणार नाही का?" प्रश्न बाळबोध वाटला, तरी त्याचे उत्तर शोधण्यात आमचे दोन पावसाळे गेले.

मोबाइलवर विसंबता येत नव्हते, कारण ज्या रात्री त्याची गरज असते त्याच रात्री टॉवरची वीज जाते. वायफाय अंगणापलीकडे पोहोचत नाही. तार टाकावी तर दीड किलोमीटर अंतर, मध्ये शेते, आणि तार चोरीस जाण्याची खात्री. या काळात चाकणच्या एका कारखान्यात काम करणारा आपला माजी विद्यार्थी दिवाळीत भेटीस आला आणि खिशातून आगपेटीहून थोडा मोठा असा बोर्ड काढून म्हणाला, "सर, हा लोरा. दोन ठेवून जातो. मुलांना खेळू द्या."

'लोरा' हे नाव इंग्रजीतील 'लाँग रेंज' म्हणजे 'दूरचा पल्ला' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. हे तंत्र फ्रान्समधील ग्रनोबल येथील सिक्लिओ नावाच्या लहान कंपनीने विकसित केले आणि २०१२ साली अमेरिकेतील सेमटेक कंपनीने ती विकत घेतली. बोर्डावर दोन मुख्य भाग असतात. एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे अगदी छोटा संगणक. आणि दुसरी रेडिओची चिप. आमच्या बोर्डावर ईएसपी-३२ आणि एसएक्स-१२६२ अशी जोडी होती. किंमत म्हणाल तर चांगल्या बुटांच्या जोडाइतकी.

आता कोणालाही आश्चर्य वाटावे असा हिशोब सांगतो. हा बोर्ड साधारणपणे २५ मिलिवॅट शक्तीने बोलतो. आपल्या वसतिगृहाच्या खोलीतील १० वॅटचा एलईडी दिवा त्याच्या ४०० पट शक्ती खातो. तरीही मोकळ्या माळावर याचा आवाज काही किलोमीटरवर ऐकू जातो. हे कसे शक्य होते? आम्हाला वाटत होते की दूर ऐकू जायचे तर मोठ्याने ओरडले पाहिजे. हा बोर्ड ओरडत नाही. तो सावकाश बोलतो, आणि ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलेल्या चालीत बोलतो.

ही चाल समजून घेण्यासाठी बासरी आठवावी. हार्मोनियमवर एक पट्टी दाबली की एक स्वर निघतो. बासरीवर मात्र खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत मींड घेता येते. लोराचा प्रत्येक उच्चार अशी एक मींड असतो. तिची सुरुवात कोणत्या स्वरापासून झाली यावरून अर्थ ठरतो. भोवती कितीही कोलाहल असला तरी ओळखीची मींड कान बरोबर वेचून काढतो, कारण कोलाहल कधी त्या शिस्तीने चढत जात नाही. मींड जितकी लांबवावी तितका निरोप अधिक दूर कळतो, पण वेळ अधिक लागतो. या लांबीला 'स्प्रेडिंग फॅक्टर' म्हणतात आणि तो सामान्यतः ७ ते १२ असतो. एक पायरी वर गेले की वेळ जवळजवळ दुप्पट होतो. दहा अक्षरांचा निरोप ७ वर सुमारे ४१ मिलिसेकंदांत जातो; तोच १२ वर जवळजवळ पूर्ण एक सेकंद घेतो. मात्र १२ वर गेल्यास भोवतालच्या कोलाहलाच्या शंभराव्या हिश्श्याइतका क्षीण निरोपही ओळखता येतो. आम्ही शेवटी १० वर स्थिरावलो. दर दहा मिनिटांना एक निरोप, म्हणजे दिवसाला १४४. प्रत्येकाला सुमारे तीन दशांश सेकंद. आमचा ओढा दिवसभरात पाऊण मिनिटही बोलत नाही. उरलेला सर्व वेळ बोर्ड झोपतो. एका साध्या चार्जेबल सेलवर तो आठवडेच्या आठवडे चालतो, याचे रहस्य या झोपेत आहे.

येथे इतिहासाचा माणूस थोडा थांबणारच. बिनतारी संदेश पुणे जिल्ह्याला नवा नाही. १९२७ साली खडकी येथे प्रक्षेपण केंद्र आणि दौंड येथे ग्रहण केंद्र उभारून येथून थेट इंग्लंडशी बिनतारी तारायंत्राची सेवा सुरू झाली होती. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुढे १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याविना बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. बोलणे दूरच, ऐकण्यालाही परवाना! आमच्या पिढीतील अनेकांनी वडिलांबरोबर टपाल कार्यालयात जाऊन रेडिओच्या परवान्याचे पैसे भरलेले आहेत. ऐंशीच्या दशकात ती पद्धत संपली, पण बोलण्यावरचे निर्बंध राहिले. २००५ साली केंद्र सरकारने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा छोटासा पट्टा अल्पशक्ती यंत्रांसाठी परवान्याविना खुला केला. पुढे तो ८६८ पर्यंत वाढवला. यंत्राला मान्यता असली पाहिजे आणि प्रक्षेपकाची शक्ती एक वॅटच्या आत असली पाहिजे, एवढ्या मर्यादेत कोणीही त्यात बोलावे.

१९२७ म्हटले की आपल्या वाचकांच्या मनात खडकी येत नाही, महाड येते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात संमत झाला होता, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे ठरवले होते. कागदावर तळे खुलेच होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळ भरली तेव्हा ते खऱ्या अर्थाने खुले होऊ लागले. त्यासाठी लोकांनी त्या दिवशी डोकी फोडून घेतली. बिनतारीच्या एका पट्ट्याची त्या संगराशी तुलना करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. परंतु जे सर्वांचे आहे ते सर्वांच्या वापरात येत नाही तोवर ते कोणाचेच नसते, एवढे मुलांना सांगायला हरकत नव्हती. शहरातल्या महागड्या शाळांतील मुले याच पट्ट्यात केव्हाचीच खेळत आहेत.

प्रत्यक्ष मांडणी

ज्यांना घरी किंवा गावी हा प्रयोग करायचा आहे त्यांच्यासाठी क्रम सांगतो. क्रमापेक्षा आमच्या चुका अधिक उपयोगी पडतील.

बोर्ड घेताना तो कोणत्या पट्ट्याचा आहे हे पाहावे. बाजारात ४३३, ८६८ आणि ९१५ मेगाहर्ट्झचे बोर्ड मिळतात. आपल्याला ८६८ चा हवा. तो आपल्या ८६५ ते ८६८ च्या पट्ट्यात नीट चालतो. ९१५ चा अमेरिकेसाठी असतो. आमच्या एका विद्यार्थ्याने स्वस्त मिळाला म्हणून तो मागवला; त्याचा उपयोग आता वर्गात नमुना दाखवण्यापुरता होतो.

वीज जोडण्यापूर्वी अँटेना जोडावा. हा नियम आम्ही फळ्यावर लाल खडूने लिहून ठेवला आहे. अँटेना नसताना बोर्ड बोलू लागला तर बाहेर न पडलेली शक्ती उलट चिपमध्येच परतते आणि ती जळू शकते. अँटेनाची लांबी मुलांनी स्वतः काढली. प्रकाशाप्रमाणेच रेडिओ लहरीचाही वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. ८६६ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ८६ कोटी ६० लाख कंपने. भागाकार केला की एका लहरीची लांबी ३४.६ सेंटिमीटर येते. तिचा चतुर्थांश ८.६५ सेंटिमीटर. मुलांनी पट्टी घेऊन बोर्डासोबत आलेल्या स्प्रिंगच्या अँटेनाशेजारी तांब्याची सरळ तार मोजून कापली. भूमितीच्या तासाला कधी न बोलणारा एक मुलगा त्या दिवशी भागाकार तीनदा तपासत होता.

त्यानंतर संगणकावर अर्डुइनो हा मोफत प्रोग्राम घालून बोर्ड यूएसबी केबलने जोडावा. आमचा पूर्ण एक शनिवार येथे वाया गेला. संगणकाला बोर्ड दिसेचना. प्रोग्राम पुन्हा घातला, संगणक बदलला, शेवटी बोर्डच बिघडला असे ठरवले. दोष केबलमध्ये होता. कित्येक केबलींमध्ये केवळ चार्जिंगच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. सहावीतील एका मुलाने दुसरी केबल लावून पाहिली आणि बोर्ड जागा झाला.

दोन बोर्डांनी एकमेकांचे ऐकण्यासाठी त्यांच्यातील काही गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात : वारंवारता, पट्ट्याची रुंदी (आम्ही १२५ किलोहर्ट्झ ठेवली), स्प्रेडिंग फॅक्टर, आणि 'सिंक वर्ड' नावाचा सांकेतिक अंक. यांतील एकही चुकला तर अर्धवट वा खरखरीत ऐकू येत नाही. काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे पहिली चाचणी दोन्ही बोर्ड एकाच टेबलावर ठेवून, कमी शक्तीने करावी, आणि मगच एकेक पाऊल दूर जावे. आम्ही प्रथमच थेट ओढ्यावर गेलो आणि तासभर डोंगराला दोष देत बसलो. दोष आकड्यात होता.

निरोपात आम्ही तीनच गोष्टी ठेवल्या : पाण्याची पातळी, सेलचा दाब आणि निरोपाचा अनुक्रमांक. अनुक्रमांकाची सूचना गणिताच्या बाईंची. ११७ नंतर एकदम १२० आला तर मधले दोन हरवले, हे लगेच कळते. या निरोपाला कुलूप नसते, शेजारचा कोणीही तसाच बोर्ड घेऊन तो ऐकू शकतो किंवा खोटा निरोपही पाठवू शकतो, हेही ध्यानात असावे. ओढ्याच्या पाण्यात गुपित काही नाही. खोटा निरोप ओळखण्यासाठी मुलांनी शेवटी एक पडताळणीचा अंक जोडला आहे.

जागा आणि पाणी

बोर्ड कोठे ठेवावा, यावर सर्वांत अधिक श्रम झाले. ओढा आणि शाळा यांच्यामध्ये टेकडीची एक सोंड उतरते. सोंडेवरून दोन्ही ठिकाणे दिसत होती, म्हणून वाटले की नुसती नजर पोहोचली की पुरे. तसे नसते. रेडिओ लहर एका रेषेत जात नाही. दोन टोकांमध्ये ती फुगलेल्या काकडीसारखी जागा व्यापते. दीड किलोमीटर अंतरासाठी त्या काकडीची मध्यावरची त्रिज्या सुमारे साडेअकरा मीटर भरते. तेवढ्या जागेत झाडांचे शेंडे आले, आणि तेही पावसाने भिजलेले, तर निरोप क्षीण होतो. उन्हाळ्यात उत्तम चालणारी जोडणी पहिल्या पावसात मुकी झाली ती यामुळे. ऐकणारा बोर्ड आम्ही कार्यालयाच्या खिडकीतून उचलून वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवर चढवला. बोलणारा साकवाच्या कठड्याला बांबू बांधून त्यावर. दोन्ही अँटेना उभ्या ठेवल्या. एक उभा आणि एक आडवा ठेवला तर निष्कारण नुकसान होते.

पाणी मोजण्यासाठी साकवाखाली स्वनातीत ध्वनीचा संवेदक लावला आहे. मोटारी मागे घेताना पिप् पिप् करणारे यंत्र असते, त्याच जातीचा. तो खाली आवाज सोडतो, पाण्यावरून आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतो आणि गेलेल्या वेळावरून अंतर काढतो. अंतर कमी झाले म्हणजे पाणी चढले. मुसळधार पावसात, फेसावर किंवा वाहत आलेल्या फांदीवर आपटून तो खोटे अंतर सांगतो. त्यासाठी दर वेळी नऊ मोजमापे घेऊन ती चढत्या क्रमाने लावावी आणि मधले घ्यावे. सरासरी घेऊ नये, कारण एकच वेडे मोजमाप सरासरीला ओढून नेते. संवेदकाच्या अगदी जवळ, सुमारे वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आत आलेले पाणी त्याला दिसत नाही. म्हणून तो साकवाच्या तळाशी न लावता कठड्याच्या वरच्या आडव्या दांड्याला, पाण्याच्या बाजूस बाहेर काढून बांधावा.

पेटी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती प्लॅस्टिकची, वायर जाण्याच्या भोकाला रबरी ग्लँड, आत ओल शोषणाऱ्या पुड्या. आम्ही पावसाचीच काळजी केली, मुंग्यांची केली नाही.

मुंग्यांचा उल्लेख आला म्हणून दुसऱ्या पावसाळ्यातील गोष्ट सांगितलीच पाहिजे. भोजनगृहाच्या भिंतीवर आम्ही छोटा पडदा लावला होता आणि त्यावर ओढ्याची पातळी दिसे. सर्वांना त्याचे कौतुक होते. पाहुणे आले की प्रथम त्यांना तेथे नेत असू. ऑगस्टमधील एका दुपारी पडद्यावर '४२ सेंटिमीटर' दिसत होते. पाऊस लागला, संध्याकाळ झाली, तरी ४२. त्याच विद्यार्थिनीने, जिने पहिला प्रश्न विचारला होता तिने, येऊन सांगितले, "सर, पाणी नाही थांबलं, निरोप थांबलाय." पेटीत मुंग्यांनी घर केले होते, बोर्ड दुपारीच बंद पडला होता, आणि पडदा शेवटचा आकडा प्रामाणिकपणे दाखवीत बसला होता. ओढा तेव्हा साकवाला टेकला होता.

म्हणजे पहिल्या दिवशी आम्ही केलेली चूक आता यंत्र करीत होते, कारण यंत्राला ती आम्हीच शिकवली होती.

इतिहासाच्या वर्गात आम्ही पहिल्या महिन्यातच सांगतो की पुरावा नसणे हा अभावाचा पुरावा नव्हे. भाजे येथे पाण्याच्या टाक्यावर कौशिकीपुत्र विष्णुदत्त या महारठ्याचे दान कोरलेले आहे. शिलालेखात टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे. ज्यांनी तो कातळ फोडला, पाठीवर दगड वाहिले, त्या शेकडो हातांची नावे मात्र कोरलेली नाहीत. म्हणून ते नव्हते असे कोणी म्हणेल का? आपल्या समाजाच्या इतिहासाचा बराच भाग अशा न कोरलेल्या जागेतूनच वाचावा लागतो. हे आम्ही तीस वर्षे शिकवीत आहोत, आणि भिंतीवरच्या ४२ या आकड्यापुढे आम्हीच ते विसरलो.

मुलांनी प्रोग्राम बदलला. आता पडद्यावर पातळीशेजारी निरोप किती मिनिटांपूर्वी आला हे मोठ्या अक्षरांत दिसते. तीन निरोप लागोपाठ चुकले, म्हणजे अर्धा तास शांतता झाली, की आकडा पुसला जातो आणि तांबडा दिवा लागतो. पूर आल्यावर लागतो तोच तांबडा दिवा. वेगळा रंग ठेवावा असे काहींचे मत होते. आम्ही नकार दिला. साकव बंद करण्यासाठी पूर आणि शांतता यांत फरक करण्याचे कारण नाही. सेलचा दाब उतरू लागला की पिवळा दिवा, म्हणजे बोर्ड मुका होण्याआधीच कोणीतरी छत्री घेऊन निघावे.

बाबासाहेबांचे चरित्र शिकवताना व्हाइसरॉयच्या मंडळातील श्रमखात्याचा उल्लेख आपण कामगार कायद्यांपुरता करतो. त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीजही होती. त्यांच्या कारकीर्दीत १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे ते पूर्वरूप. नद्यांची मोजमापे एका तज्ज्ञ संस्थेने सतत घेत राहावे, ही त्यामागची एक भूमिका होती. मोठ्या नद्यांवर आज ती व्यवस्था आहे. आपल्या वाडीच्या ओढ्यापर्यंत ती येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. मात्र हेही स्पष्ट सांगतो की आमचा बोर्ड ही शासनमान्य इशारा यंत्रणा नव्हे. तो डोंगर खचण्याबद्दल काही सांगू शकत नाही. त्यासाठी केरळात मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने केले तसे जमिनीच्या पोटात संवेदक पुरावे लागतात. हवामान खात्याचा इशारा आणि तहसील कार्यालयाची सूचना यांना आमचा बोर्ड पर्याय नाही. साकवाच्या दोन्ही टोकांना दोर बांधून वाट बंद करण्याचे काम आजही माणूसच करतो.

एक चूक अजून सांगायची राहिली, आणि ती मावशींनी दाखवली. सारी मांडणी झाल्यावर आम्ही त्यांना मोठ्या अभिमानाने भोजनगृहातील पडदा दाखवला. थोरल्या मावशी पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, आम्ही पाचला घरून निघतो. दिवा तुमच्या भिंतीवर. आम्हाला पलीकडे काय कळणार?" ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्यांच्याच बाजूला ऐकण्याची सोय नव्हती! निरोप ओढ्याकडून शाळेकडे येत होता, कारण बोर्ड शाळेचे होते.

सुदैवाने या तंत्रात ऐकणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा नाही. एकाने बोललेले शंभर जण ऐकू शकतात आणि बोलणाऱ्याची शक्ती तसूभरही अधिक खर्च होत नाही. तिसरा बोर्ड वर्गणीतून घेतला. ऐकणाऱ्याला झोप नसते, म्हणून त्याला सेल पुरत नाही; विजेवर चालणारा आणि वीज गेली की बॅटरीवर जाणारा छोटा संच मुलांनी जोडला. त्यावर आकडे दाखवणारा पडदाही होता. मावशींनी तो नको म्हटले. "पहाटे चष्मा कोण शोधणार?" तेव्हा तीन दिवे ठेवले, आणि तांबडा लागला की वाजणारा भोंगा.

तो बोर्ड मावशींच्या घरात फळीवर, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या शेजारी आहे. वाडीतील इतर घरेही आता पहाटे एकदा तेथे डोकावतात. गेल्या आषाढात एकदा भोंगा वाजला. मावशी आल्या नाहीत, आणि आम्ही या वेळी गृहीत न धरता ओढ्यावर माणूस पाठवला. पलीकडून मावशींनी कंदील हलवला. नाश्ता मुलांनीच केला, पोहे थोडे खारट झाले होते.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, जेथे दोन नाळी एकत्र येतात, तेथे चौथा बोर्ड लावण्याचा मुलांचा विचार आहे, म्हणजे पाणी साकवाला पोहोचण्यापूर्वीच कळेल. तेथून शाळा दिसत नाही. मध्ये सोंडेवर निरोप पुढे ढकलणारा आणखी एक बोर्ड लागेल. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाकडे ८६८ चे बोर्ड, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतील चांगले सेल किंवा लहान सौर पट्टी पडून असेल, तर सुटीत येताना घेऊन यावे. माहिती वाहून नेणारी यूएसबी केबलही चालेल.